काचबिंदू : डोळ्यांतील न दिसणारी तूट

आम्ही वैद्य नव्हे. उज्जैनच्या मंडीत धान्याचा घाऊक व्यापार करणारे, मॅट्रिकपर्यंत शिकलेले गृहस्थ आहोत. तरीही नेत्ररोगावर लिहिण्याचे धाडस करीत आहोत. कारण ज्या अज्ञानामुळे आमच्या डाव्या डोळ्याची बरीच दृष्टी गेली, ते अज्ञान आमच्या व्यापारी बंधूंच्या घरी राहू नये.

मोतीबिंदू व काचबिंदू यांस पुष्कळ लोक एकच समजतात. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने ते बदलले की बहुधा पुन्हा दिसू लागते. काचबिंदूची गोष्ट निराळी. डोळ्यात एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो व बारीक जाळीतून बाहेर जातो. तो मार्ग अडला की डोळ्यातील दाब वाढतो आणि मेंदूकडे दृष्टी नेणारी नस झिजते. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली मात्र राखता येते.

हा रोग बहुधा दुखत नाही. प्रथम कडेची दृष्टी जाते. समोरचे अक्षर स्पष्ट दिसते. आम्ही खतावणी बिनचूक वाचीत होतो, परंतु मंडीत डावीकडून येणारी हातगाडी दिसेना. दोनदा धक्का लागला, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. आमच्या थोरल्या बंधूंस हाच विकार होता. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांस व मुलांस त्याचा धोका अधिक असतो, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. मदुरईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने तमिळनाडूत केलेल्या पाहणीतही दहांपैकी नऊ रुग्णांस आपल्या रोगाची कल्पना नव्हती.

चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे तपासणी नव्हे. दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांत असतो. पण तेवढ्यातही काचबिंदू होऊ शकतो. म्हणून डॉक्टर बाहुली मोठी करून नस पाहतात, द्रव बाहेर जाण्याचा कोन तपासतात व यंत्रावर दृष्टीचे क्षेत्र मोजतात.

थेंब, लेझर व शस्त्रक्रिया हे तिन्ही उपाय दाब कमी करण्यासाठीच आहेत. डोळा दुखत नाही म्हणून थेंब बंद करू नयेत. आम्ही पर्युषणाच्या उपवासांत ते थांबविले, पुढे आळसाने सुरू केलेच नाहीत. दाब पुन्हा वाढला. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबल्यास औषध घशात फारसे उतरत नाही.

डोळे लाल झाले म्हणून दुकानातून स्वतःच स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन्महिने टाकू नयेत. त्यानेही दाब वाढतो. डोळा एकाएकी तीव्र दुखून लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली व उलटी झाली, तर त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. अशा वेळी काही तासांतच दृष्टी जाऊ शकते.

चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने, आणि घरात हा विकार असल्यास त्याआधीच, डोळे पूर्ण तपासून घ्यावेत. आम्ही आमच्या दोन्ही मुलांस व भगिनींस नेले. एका मुलाचा रोग आरंभीच सापडला. त्यास आज दोन्ही डोळ्यांनी नीट दिसते. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी आपणही घरच्या वडीलधाऱ्यांस घेऊन जावे, ही नम्र विनंती.