किंशुकाची चोच : निकट छायाचित्रण आणि व्युत्पत्तीचा पुरावा

पळसाचे संस्कृत नाव ‘किंशुक’. त्याचा पारंपरिक विग्रह ‘किं शुकः?’, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’, असा सांगितला जातो. अशा विग्रहांकडे भाषाशास्त्राचा अभ्यासक संशयाने पाहतो आणि ते योग्यच होय. कारण शब्द आधी रूढ होतो आणि त्याला शोभेल अशी कथा पुष्कळदा मागाहून रचली जाते. परंतु हा संशय व्यक्त करण्यापूर्वी आपण फूल नीट पाहिलेले असते काय? वसंतातील फुलोऱ्याचे निकट छायाचित्रण या कामी कितपत उपयोगी पडते, हे येथे पाहावयाचे आहे.

पळसाचे फूल पतंगरूपी असते. त्याच्या पाच पाकळ्यांपैकी एक ध्वज, दोन पंख आणि उरलेल्या दोहोंच्या मिलाफाने झालेला नौतल. हा नौतल बाकदार असून टोकाशी निमुळता होतो. निदलपुंज काळपट व मखमली असतो. पोपटाच्या चोचीशी साम्य असलेच, तर ते या नौतलात शोधले पाहिजे. दुरून पाहणारास मात्र केवळ निष्पर्ण झाडावरील केशरी रंगाचा विस्तार दिसतो; त्यावरून शब्दाची परीक्षा होणे शक्य नाही.

निकट छायाचित्रणातील मुख्य अडचण स्पष्टतेच्या खोलीची आहे. ३६ × २४ मिलिमीटर चौकटीच्या कॅमेऱ्यावर फुलाची प्रतिमा प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराची घेतल्यास, भिंगाचे छिद्र एफ/८ असताना सुमारे ३ मिलिमीटर इतकीच खोली स्पष्ट उमटते. एफ/१६ वर ती दुप्पट होते. पण छिद्र याहून फार लहान केले तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळीच प्रतिमा किंचित मऊ पडते. यावर साधा उपाय असा की, कॅमेऱ्याची पाठ फुलाच्या मध्यपातळीशी समांतर ठेवावी. नौतल दोन्ही बाजूंनी चपटा असल्यामुळे त्याची संपूर्ण बाह्यरेषा मग एकाच पातळीत येते. फांदी वाऱ्याने हलत असेल तर कॅमेऱ्यास तिवई लावूनही भागत नाही. फांदीलाच आधार द्यावा लागतो.

दुसरी अडचण यथादर्शनाची आहे आणि पुराव्याच्या दृष्टीने ती अधिक गंभीर आहे. निम्म्या प्रमाणातील प्रतिमेसाठी १०० मिलिमीटरचे भिंग फुलापासून सुमारे ३० सेंटीमीटरवर ठेवावे लागते, तर ५० मिलिमीटरचे सुमारे १५ सेंटीमीटरवर. भ्रमणध्वनीच्या रुंद कोनाच्या भिंगाने याहूनही जवळ जावे लागते. जितके जवळ जावे तितका पुढे आलेला भाग प्रमाणाबाहेर मोठा दिसतो. नौतल समोरून असा टिपला तर चोच वाजवीपेक्षा मोठी भासेल, आणि जे सिद्ध करावयाचे तेच आपण छायाचित्रात घालून ठेवू. म्हणून अंतर अधिक ठेवावे, शेजारी मोजपट्टी असावी आणि एकाच फुलाची बाजूने, समोरून व वरून अशी तीन चित्रे घ्यावीत. रंगाच्या तुलनेसाठी चौकटीत एक राखाडी पट्टीही असावी.

अशा चित्रांतून काय निष्पन्न होते? बाजूच्या चित्रात चोचीचा बाक निःसंशय दिसतो. समोरच्या चित्रात तो जवळजवळ लोपतो. म्हणजे साम्य खरे आहे, पण ते एका विशिष्ट कोनाचे आहे. यावरून व्युत्पत्ती सिद्ध झाली असे मात्र मानता येणार नाही. साम्य पाहून नाव पडले असेल किंवा नाव ऐकून साम्य शोधले गेले असेल. छायाचित्र या दोहोंत निवड करू शकत नाही. विग्रह निराधार कल्पना नाही, एवढेच ते दाखविते. पुढचा निर्णय ध्वनिपरिवर्तनाच्या आणि जुन्या प्रयोगांच्या आधारेच व्हावयास हवा.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. मराठीतील ‘पळस’ हा शब्द ‘पलाश’पासून आला आणि ‘पलाश’ म्हणजे पान. आपली ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हणही पानांकडेच पाहते. गुजरातीतील ‘केसूडां’ हे ‘किंशुक’चे रूपांतर, पण ते उच्चारणाऱ्याच्या कानी शुक उरलेला नाही. ज्या शब्दातून पोपट उडून गेला आहे, त्याचे मूळ पारखताना फुलाची साक्ष काढावी. मात्र ती साक्ष कोणत्या कोनातून घेतली, हेही नोंदवून ठेवावे.