गनियारीच्या दवाखान्यातली खुली नोंदवही
केनियातल्या एल्डोरेटला एचआयव्हीच्या रुग्णांची रीघ लागली आणि कागदी फायलींनी हात टेकले. त्या गरजेतून २००४ साली रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘ओपनएमआरएस’ या संगणक प्रणालीचा पाया घातला गेला. अमेरिकेच्या रिजनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमधले पॉल बायोंडिक आणि बर्क मॅमलिन हे डॉक्टर त्यात पुढे होते.

या प्रणालीचा जीव तिच्या शब्दकोशात आहे. वजन, ताप, सिकलसेल, हिमोग्लोबिन अशी प्रत्येक बाब म्हणजे कोशातली एक नोंद. तिला अनेक भाषांत नावं देता येतात. नवा आजार आला की कोशात भर घालायची. मूळ रचना पाडून पुन्हा बांधावी लागत नाही, आणि खेड्यातल्या दवाखान्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या गनियारीला ‘जन स्वास्थ्य सहयोग’चं रुग्णालय आहे. त्याच्यासाठी ‘थॉटवर्क्स’ या सॉफ्टवेअर कंपनीने ‘ओपनएमआरएस’च्याच पायावर ‘बाह्मनी’ ही रुग्णालय-प्रणाली उभी केली. खिडकीवर नाव-गाव टिपलं जातं, फोटो निघतो. डॉक्टरांनी रक्ततपासणी लिहिली की ती थेट प्रयोगशाळेच्या पडद्यावर उमटते. चिठ्ठी घेऊन पेशंटला धावपळ नको. सर्व्हर रुग्णालयातच ठेवता येतो, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी काम अडत नाही.

या दोन्ही प्रणालींना परवान्याचे पैसे लागत नाहीत, तरी संगणक, प्रशिक्षण आणि देखभाल यांचा खर्च असतोच. पण कोड सगळ्यांसाठी खुला असल्याने एका ठिकाणी झालेली दुरुस्ती दुसऱ्या देशातल्या दवाखान्यालाही घेता येते. पैशाची चणचण असलेल्या रुग्णालयांना हा मोठाच आधार आहे.