मुलांची संगत कोण घडवतं?

‘पोरगा चांगला होता, संगतीनं बिघडला’ असं आपण सहज म्हणतो. संगतीचा परिणाम होतोच. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो २००५ मध्ये मोजूनही दाखवला. संगणकावरच्या खेळात मोटार पळवायची. जितकं पुढे जाल तितके गुण, पण पिवळा दिवा लागल्यावर वेळेत थांबला नाहीत तर मोटार आदळून गुण जाणार. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी एकटं खेळताना पत्करला त्याहून कितीतरी जास्त धोका मित्र शेजारी असताना पत्करला. चोविशी ओलांडलेल्यांच्या खेळात मात्र मित्रांमुळे फारसा फरक पडला नाही. दारूचा पहिला घोट अनेकदा याच वयात आणि मित्रांच्याच घोळक्यात घेतला जातो, हे लक्षात घ्या.

यावर आक्षेप येतो, की पिण्याकडे ओढा असलेली मुलंच तसे मित्र शोधतात. मग दोष संगतीचा कसा? दोन्ही गोष्टी घडतात, हे दीर्घकालीन अभ्यासांतून दिसलं आहे. पण मुलं मित्र निवडतात ते समोर असलेल्यांतून, आणि समोर कोण असेल, रिकामी संध्याकाळ कुठे जाईल, हे बरंचसं मोठ्यांच्या हातात असतं. आइसलँडनं नेमका हाच धागा पकडला. तिथं १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्याभरात झिंगेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं. मग दरवर्षी शाळांतून पाहणी झाली, खेळ-संगीताच्या वर्गांसाठी राजधानी रेक्याविकनं कुटुंबांना अनुदान दिलं, हिवाळ्यात १३ ते १६ वर्षांच्या मुलांना रात्री दहानंतर एकट्यानं बाहेर राहायला बंदी आली. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: आईबापांनी एकमेकांशी लेखी करार केले, की मुलांना दारू आणून देणार नाही, मोठं माणूस घरात नसताना पार्टी होऊ देणार नाही. शुक्रवार-शनिवारी रात्री ते वस्तीत फेरीही मारू लागले. २०१६ पर्यंत ते ४२ टक्के ५ टक्क्यांवर आले.

त्या काळात युरोपभर किशोरांचं पिणं घटलं, तेव्हा सगळं श्रेय या उपायांना देता येणार नाही, हे मान्यच. तरी २०१५ च्या युरोपीय पाहणीत महिन्याभरात दारू प्यायलेली मुलं सरासरी निम्म्याच्या आसपास होती, आइसलँडमध्ये ९ टक्के. एवढी तफावत नुसत्या लाटेनं पडत नाही.

तुमच्या मुलांच्या जवळच्या मित्रमैत्रिणींच्या आईवडिलांना तुम्ही ओळखता का? ओळखत नसाल, तर या रविवारी त्यांना चहाला बोलवा.