भट्टी घेताय? आधी व्होल्टेज मोजा

"ही भट्टी १२५० अंशांपर्यंत जाते ना?" शाळेसाठी पहिली विजेची भट्टी घेताना आम्ही विक्रेत्याला एवढा एकच प्रश्न विचारला होता. तो "हो" म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

भट्टी लहानशीच. आतली जागा ३० सेंमी लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच खोल. वीस-बावीस कप आणि वाट्या मावायच्या. ९५० अंशांची पहिली भाजणी विनासायास झाली. मग मुलांनी भांड्यांना झिलईचा थर दिला आणि एका दुपारी दुसरी भाजणी सुरू केली. या वेळी १२३० अंश गाठायचे होते. रात्री आठला काटा ११४० वर पोचला आणि तिथेच थांबला. अकरा वाजले तरी ११४०! शेवटी भट्टी बंद केली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी दार उघडलं, तर काचेसारख्या चकचकीत झिलईऐवजी भांड्यांवर खरखरीत पांढरा थर होता. दोन महिन्यांचं काम. मुलांचे चेहरे बघवत नव्हते.

भट्टी बिघडली, असंच सगळ्यांचं मत पडलं. तेवढ्यात दहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, संध्याकाळी आमच्या घरी ट्यूबलाइटसुद्धा नीट लागत नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं.

गळकी बादली

तळाला भोक असलेली बादली नळाखाली ठेवली तर काय होतं? पाणी जसजसं चढतं, तसतशी गळतीही वाढते. जेवढं पाणी येतं तेवढंच गळू लागलं, की पातळी थांबते. मग रात्रभर नळ चालू ठेवला तरी बादली भरत नाही.

भट्टीचं असंच आहे. तार तापून उष्णता देते आणि भिंतींतून ती बाहेर जात राहते. आतलं तापमान वाढेल तशी ही गळतीही वाढते. ९५० अंशांना गळती कमी होती, म्हणून पहिली भाजणी पार पडली. ११४० अंशांना मात्र आवक आणि गळती सारखी झाली. म्हणूनच भट्टीच्या भिंती हलक्या, सच्छिद्र उष्णतारोधक विटांच्या असतात. त्या विटांमधल्या बारीक छिद्रांतली हवा उष्णतेला अडवते.

पण आमचा नळ बारीक का झाला?

गुणाकाराचा फटका

भट्टीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं : २३० व्होल्ट, ३४५० वॅट. म्हणजे प्रवाह १५ अँपियर आणि तारेचा रोध २३० ÷ १५, म्हणजे सुमारे १५.३ ओहम. तापल्यावर हा रोध फारसा बदलत नाही. म्हणून तारेला मिळणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

आम्ही संध्याकाळी मोजलं. भट्टी बंद असताना २१८ व्होल्ट, चालू केल्यावर १९५. व्होल्टेज पट्टीवरच्या आकड्यापेक्षा १५ टक्के कमी. शक्ती किती? १९५ × १९५ ÷ १५.३, म्हणजे साधारण २४८५ वॅट. जवळजवळ २८ टक्के घट!

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. भट्टी सुरू करताच जे २३ व्होल्ट पडले, ते कुठे गेले? शाळेतल्या आणि रस्त्यावरच्या तारांमध्ये. प्रवाह होता १२.७ अँपियर. गुणाकार केला तर जवळजवळ ३०० वॅट उष्णता भट्टीत नव्हे, तारांमध्ये तयार होत होती. बारीक, जुन्या तारांत तासन्‌तास असं चाललं तर आग लागू शकते.

माती आधी, भट्टी नंतर

मुळात आम्हाला १२३० अंश हवेच होते का? हा प्रश्न आम्ही खरेदीनंतर विचारला. विचारायला हवा होता आधी.

भाजताना मातीत काय घडतं ते पाहू. वाळलेल्या भांड्यात उरलेला ओलावा १०० अंशांच्या आसपास वाफ होऊन निघतो. एक घनसेंमी पाण्याची सुमारे १७०० घनसेंमी वाफ होते. तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तर भांडं फुटतं. पुढे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रेणूंमध्येच बांधलेलं पाणी सुटतं. शुद्ध केओलिनमध्ये ते वजनाच्या सुमारे १४ टक्के असतं. इथून परतीची वाट नाही. ही माती पुन्हा भिजवली तरी तिचा चिखल होत नाही. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झची रचना बदलते आणि त्याचं आकारमान एकदम वाढतं. थंड होताना ते तसंच एकदम घटतं. म्हणून चढताना आणि उतरतानाही घाई नको.

आपल्या कुंभारांची लाल माती ७०० ते ९०० अंशांना आव्यात छान भाजते. तिच्यात लोह भरपूर असतं. ११०० अंशांच्या पुढे नेली तर बहुधा ती फुगते, वाकते, कधी वितळतेही. स्टोनवेअरची माती मात्र १२०० ते १२८० अंश मागते. गावची माती वापरणार असाल, तर १०५० अंश सहज गाठणारी भट्टी पुरे. कमी तापमानाची झिलई घेताना ती शिसं नसलेली असल्याची खात्री मात्र करून घ्या.

तारही त्यावरूनच ठरते. निकेल-क्रोमियमची नायक्रोम तार साधारण ११५० अंशांच्या आत बरी. वरच्या तापमानाला लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची तार लागते. कांथल ही त्यातली प्रसिद्ध तार. तिच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि तो तिला जपतो. म्हणून आव्यातल्यासारखी धूर कोंडून काळी मडकी करण्याचा प्रयोग विजेच्या भट्टीत करू नये. तार लवकर जाते.

केवढी घ्यावी?

३० सेंमीच्या घनाची बाजू ६० सेंमी केली, तर आतली जागा आठपट होते, पण भिंतींचं क्षेत्रफळ चौपटच. म्हणजे मोठ्या भट्टीत दर भांड्यामागे गळती कमी. मग मोठीच घ्यावी? ती भरली तर. ती भरायला आठपट भांडी हवीत आणि वीजही बहुधा थ्री-फेज. अर्धी रिकामी भट्टी तापवण्यात वीज वाया जाते. शिवाय नवशिक्याला वारंवार भाजून, चुका करून शिकायचं असतं. लहान भट्टी महिन्यातून दोनदा भरते, मोठी वर्षातून दोनदा.

काटा आणि शंकू

भट्टीतलं थर्मोकपल फक्त आपल्या टोकापाशी किती तापमान आहे तेवढं सांगतं. पण माती पक्व होणं तापमानाबरोबर वेळेवरही अवलंबून असतं. जर्मनीत हेर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये यावर सुरेख उपाय काढला. झिलईत वापरतात त्याच प्रकारच्या खनिजांचे लहान शंकू करून ते भांड्यांशेजारी ठेवायचे. ठरावीक भाजणी झाली, की शंकू मऊ होऊन वाकतो. अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ मध्ये असे शंकू बनवायला सुरुवात केली. आजही कुंभारकामात त्यांचा उपयोग होतो. काटा चुकू शकतो. शंकू मात्र भांड्यांबरोबर तीच भाजणी सोसतो.

जुनी भट्टी मिळत असेल तर

प्लग काढून तारेचा रोध मोजा. वापराने तार झिजते आणि रोध वाढतो. १५.३ ऐवजी १७ ओहम आला, तर २३० व्होल्टलाही शक्ती ३११० वॅटच मिळेल. तारा बदलण्याचा खर्च किमतीत धरा.

नवी असो वा जुनी, तिला स्वतंत्र जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच नको. दार उघडताच वीज तुटेल असा स्विच आहे का ते पाहा. भाजताना घातक वायू निघतात, म्हणून खोली हवेशीर ठेवा.

आमच्या भट्टीत दोष नव्हताच. मुख्य बोर्डापासून नवी जाड वायर ओढली आणि भाजणी पहाटे चारला सुरू करू लागलो. शेवटचा, कठीण टप्पा आता भर दुपारी येतो. त्या वेळी भट्टी चालू असतानाही आमच्याकडे २२५ व्होल्ट मिळतात. त्याच कपांवर पुन्हा झिलई चढवली. या वेळी शंकू वाकला. दोन कप तडकले, बाकीचे स्टाफरूममध्ये चहासाठी वापरात आहेत.

जाता जाता वर्गासाठी एक गणित. "२०० व्होल्टलाच ३४५० वॅट देईल अशी तार बसवून देतो," असं कारागीर म्हणाला, तर ती घ्यावी का? तिचा रोध काढा. मग एखाद्या रात्री व्होल्टेज २४० झालं तर प्रवाह किती होईल तेही काढा आणि १६ अँपियरच्या सॉकेटशी ताडून पाहा. मुलं स्वतःच उत्तर सांगतील.