हलक्या हाताचे काम

रविवारची वंदना आटोपली की आमच्या विहाराच्या पायऱ्यांवर महिला मंडळाची दुसरी बैठक भरते. या बैठकीला ना अध्यक्ष, ना इतिवृत्त. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या मुलाचा निकाल लागला, रेशनवर काय आले, हे सारे इथेच कळते. मागच्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी वस्तीतील एक मावशी बराच वेळ गप्प बसून होत्या. गेली ३० वर्षे मावशी बाळ-बाळंतिणींची मालीश आणि अंघोळ करतात. वस्तीतील निम्मी तरुण पोरे त्यांच्या पायांवर पालथी पडून तेल लावून घेत मोठी झाली आहेत. एवढी बोलकी बाई गप्प का, म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी आपली हकीकत सांगितली.

रस्त्यापलीकडच्या टॉवरमधील एका मॅडमनी पोटाची आणि कमरेची चरबी शस्त्रक्रिया करून काढून घेतली होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शेवटी 'लिम्फॅटिक मसाज' असे दोन शब्द लिहिलेले होते. तो कोणी करायचा, कसा करायचा, यावर एक अक्षर नाही. त्याच घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या आपल्या एका भगिनीने मावशींचे नाव सुचवले. बाळंतिणीच्या मालिशीच्या दुप्पट पैसे ठरले. मावशींनी खोबरेल कोमट केले आणि बाळंतिणीची कंबर जशी रगडतात तशी मॅडमची कंबर आणि पोट रगडले. वर गरम पाण्याच्या पिशवीने शेक दिला. मॅडम हूं की चूं करीत नव्हत्या, म्हणून मावशींना वाटले, चांगला आराम पडतो आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळेनिळे डाग वाढले आणि जिथे पिशवी ठेवली होती तिथे फोड आला. चौथ्या दिवशी साहेबांनी दारातूनच परत पाठवले. तीन दिवसांचे पैसेही बुडाले.

"ताई, ३० वर्षांत माझ्या हाताखाली एका लेकराला खरचटलं नाही. मग माझं चुकलं कुठं?" मावशींचा हा प्रश्न पैशांपुरता नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळले असते.

उत्तर द्यायला आमच्याकडे माणूस होते. वस्तीतील एक मुलगी फिजिओथेरपीची पदवी घेऊन एका सरकारी रुग्णालयात काम करते. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या स्त्रियांचे हात सुजतात, त्यांच्यावर तिला हाच मसाज करावा लागतो. पुढच्या रविवारी तिला बोलावले. त्या दिवशी जे ऐकले आणि पाहिले ते इथे देत आहे, कारण मालीश, पार्लर आणि घरगुती शुश्रूषा यांवर पोट असलेल्या आपल्या भगिनी थोड्या नाहीत.

अवधाण कुठून येते?

पायाला जखम होऊन चिघळली की जांघेत गाठ येते. आपण म्हणतो, अवधाण आले. ही गाठ आकाशातून येत नाही, ती तिथे असतेच; एरवी हाताला लागत नाही एवढेच. तिला लसिकाग्रंथी म्हणतात. जांघेत, काखेत, मानेत, पोटाच्या आत अशा शेकडो ग्रंथी आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्यांचे जाळे अंगभर पसरले आहे. रक्तातून जे पाणी पाझरून मांसात उतरते, त्यातले उरलेले पाणी या नळ्या गोळा करतात. ग्रंथींमध्ये ते गाळले जाते आणि शेवटी गळ्याखालच्या आडव्या हाडांमागे पुन्हा रक्तात मिसळते. दिवसाकाठी २ ते ४ लिटर पाणी असे परत येते, असे वैद्यकाच्या पुस्तकांत दिलेले असते.

रक्ताला ढकलायला हृदय आहे. या पाण्याला तसा पंप नाही. नळ्यांचे स्वतःचे मंद आकुंचन, हातापायांची हालचाल आणि खोल श्वास, एवढ्यावर ते पुढे सरकते. म्हणून दिवसभर एका जागी उभे राहून काम करणाऱ्या बाईचे पाय संध्याकाळी जड होतात.

यातल्या सुरुवातीच्या नळ्या अगदी कातडीलगत असतात. जोर दिला की चेपतात. मावशी ज्या ताकदीने रगडत होत्या, त्या ताकदीखाली पाण्याची वाटच बंद होत होती. शिवाय चरबी काढताना फुटलेल्या रक्ताच्या बारीक नळ्या अजून भरल्या नव्हत्या, त्यांतून पुन्हा रक्त उतरले. काळेनिळे वाढले ते असे.

चरबी काढतात म्हणजे काय करतात

ही शस्त्रक्रिया फार जुनी नाही. १९७० नंतरच्या दशकात इटलीतील फिशर आणि फ्रान्समधील इलूझ या डॉक्टरांनी नळीने चरबी ओढून काढण्याची पद्धत पुढे आणली. १९८५ मध्ये क्लाईन या अमेरिकन डॉक्टरांनी आधी चरबीत खाऱ्या पाण्याबरोबर बधिरतेचे आणि रक्त थांबवणारे औषध भरायचे आणि मग चरबी ओढायची, अशी सुधारणा केली. आज बहुतेक ठिकाणी तसेच चालते. लहानशा छिद्रातून नळी आत घालून मागेपुढे फिरवतात. बाहेरून चार टाके दिसतात, पण आत हातभर जागा नांगरलेली असते. पोटाची लोंबती कातडी कापून काढायची असेल तर काम याहून मोठे. ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेऊन कातडी आणि चरबी थेट बरगड्यांपर्यंत सोडवतात, खाली ओढतात आणि शिवतात.

अशा शरीराला सूज येणारच. पहिले काही दिवस ती जास्त असते, मग आठवड्याआठवड्याने उतरते, आणि खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. साधारण चार ते सहा आठवडे घट्ट पट्टा घालायला सांगतात. बाळंतिणीला पोटपट्टा बांधणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटले नसते. नवल आहे ते पुढे. कातड्यातल्या बारीक नसा दुखावल्यामुळे तो भाग कित्येक आठवडे, कधी महिने, बधिर राहतो. चटका कळत नाही. मॅडम गप्प होत्या त्या आराम पडला म्हणून नव्हे. शेकाची पिशवी, गरम विटकर, वाफेचा टॉवेल यांतले काहीही अशा अंगावर ठेवायचे नाही, हे सांगताना त्या मुलीचा आवाज चढला होता.

"एवढंच? याचे पैसे घ्यायचे?"

मग तिने मावशींचाच हात पुढे घेतला. तेल नाही, पावडर नाही. चार बोटे सपाट टेकवली, कातडी जराशी ताणली आणि सोडून दिली. पुन्हा ताणली, सोडली. बोटे कातडीवरून घसरत नव्हती. कातडीच बोटांबरोबर सरकत होती. झोपलेल्या बाळाच्या पापणीवरून हात फिरवावा, इतपत भार. मावशी दोन मिनिटे वाट पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "एवढंच? याचे पैसे घ्यायचे?"

सारे हसले, पण अवघड आहे ते हेच. ज्या हाताला आयुष्यभर जोर लावायची सवय, त्याला हलके करणे सोपे नाही. आणि समोरचे माणूसही म्हणते, "मावशी, जोरात दाबा ना, पैसे कशाचे देते?" आपल्याकडे दुखले म्हणजे लागू पडले, असा समज आहे. त्या दिवशी आम्ही दहा-बारा जणींनी एकमेकींच्या हातावर करून पाहिले. पहिल्या खेपेला एकीलाही जमले नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. सुजलेल्या जागेपासून सुरुवात करायची नाही. चाळीतले गटार तुंबले की आपण आधी पुढचे तोंड मोकळे करतो, मागून पाणी लोटत नाही. इथेही आधी मान आणि गळ्याची हाडे, मग काख, आणि नंतर पोट. बेंबीच्या वरचे पाणी काखेकडे जाते, खालचे जांघेकडे. ओटीपोटावर आडवा छेद घेतलेला असेल तर खालची वाट कापली गेलेली असते, म्हणून पाणी वर काखेकडे वळवावे लागते. छेद कुठे आहे हे माहीत नसताना हात फिरवणाऱ्याला हे कळणार कसे? शस्त्रक्रियेनंतरचा मसाज शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून घ्यावा, असे ती म्हणाली ते यासाठी. दुसऱ्या कोणी करायचा तर डॉक्टरांनी दिवस ठरवून दिल्यावर आणि जाणत्याने समोर बसून दाखवल्यावरच.

ही पद्धत बसवली डेन्मार्कच्या एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी. १९३० नंतर हे जोडपे दक्षिण फ्रान्समध्ये मालिशीचेच काम करीत होते. सर्दीने कायम बेजार झालेल्या लोकांच्या मानेतील गाठी सुजलेल्या आढळत. त्या काळी गाठींना हात लावायचा नाही, असा दंडक होता. व्होडर यांनी हलका हात लावून पाहिला आणि १९३६ मध्ये पॅरिसला आपली पद्धत लोकांपुढे ठेवली. ते डॉक्टर नव्हते, त्यामुळे बरीच वर्षे डॉक्टरांनी लक्ष दिले नाही. १९६० नंतर जर्मनीत डॉक्टरांनी तपासून पाहिल्यावर ती रुग्णालयांत शिरली. मालीश करणाऱ्याच्या बोटांनी शोधलेली ही विद्या आहे, हे ऐकून मावशी सावरून बसल्या.

एवढे सांगून त्या मुलीने एक गोष्ट झाकून ठेवली नाही. सौंदर्याच्या शस्त्रक्रियेनंतर या मसाजने हलके वाटते, ताठरलेली जागा सैल व्हायला मदत होते, असा अनेकांचा अनुभव आहे. पण भक्कम शास्त्रीय पुरावा त्यामागे थोडाच आहे. सूज मसाजाविनाही उतरते. याने चरबी जात नाही. 'एका बैठकीत दोन इंच कमी' अशा जाहिराती मोबाईलवर येतात, त्यात सरकते ते पाणी, आणि ते परत येते. हप्त्याने कर्ज काढून पोरीला लग्नाआधी अशा ठिकाणी नेणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे.

हात कधी उचलायचा

ज्या दिवशी ताप आहे, कातडी लाल आणि गरम होऊन लाली पसरते आहे, त्या दिवशी हात लावायचा नाही. जंतू शिरलेले असतात. कातडीखाली पाणी पिशवीसारखे डुचमळत असेल तर ते डॉक्टरांनी सुईने काढायचे असते. टाक्यांतून ते पिळून काढण्याचा उद्योग काही जण करतात. त्याने बाहेरची घाण आत जाते. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असेल तर पाणी एकदम रक्तात लोटणे धोक्याचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोटरी. शस्त्रक्रियेनंतर माणूस पडून राहतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पोटरी दुखते, सुजते, गरम लागते. ती चोळली आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. दम लागला, छातीत कळ आली तर मसाज नाही, सरळ रुग्णालय.

आपल्या घरांत या मसाजाची गरज टॉवरपेक्षा वेगळ्या कारणाने पडते. स्तनाच्या कर्करोगात काखेतील ग्रंथी काढल्या किंवा त्यावर किरण दिले तर पुढे कधीही हात सुजू शकतो. 'ऑपरेशनच झालंय, सुजणारच' म्हणून बाया वर्षानुवर्षे तो हात पदराखाली झाकून धुणीभांडी करतात. लवकर दाखवले तर मसाज, पट्ट्या आणि व्यायाम यांनी तो आटोक्यात राहतो. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या नातलगांत हत्तीपाय पाहिलेला असतो. त्याचे जंतही याच नळ्यांत घर करतात. तिथे चोळत बसण्यापेक्षा पाय रोज साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, बसताना पाय वर ठेवणे आणि सरकारी मोहिमेत गोळ्या देतात त्या कर्मचाऱ्यासमोरच गिळणे, हे अधिक कामाचे.

मावशींना दिवाळीनंतर तशाच प्रकारचे दुसरे काम आले. या वेळी त्यांनी आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली आणि पहिल्या दिवशी त्या मुलीला बरोबर नेले. सहाव्या दिवशी तिथल्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, आज पोट राहू द्या, ही पोटरी जरा रगडा. रात्रभर ठणकत होती." मावशींनी दोन्ही पोटऱ्यांना हाताची पाठ लावून पाहिली. एक गरम होती आणि दुसरीपेक्षा जाड. त्या उठून उभ्या राहिल्या. "आधी डॉक्टरला फोन लावा. तोवर मी हात लावणार नाही." मॅडमना राग आला, फोन मात्र केला. सोनोग्राफीत गुठळी निघाली. रुग्णालयात राहून रक्त पातळ करणारी औषधे घेऊन त्या घरी आल्या.

आता मावशी पैसे रोजच्या रोज घेतात. तेलाची बाटली अजून पिशवीत असते, कारण टॉवरमधून उतरले की त्याच रस्त्यावर एका बाळंतिणीचे घर लागते.