शाळेतील बालघर आणि त्याची संचालिका

वसंत ऋतूत आपण शहरवासी व्याख्याने ऐकावयास जमतो, त्याच दिवसांत चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या रानात मोह गळू लागतो. फुले पहाटे पडतात. ऊन चढण्यापूर्वी ती वेचावी लागतात. म्हणून घरातील स्त्रिया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. इकडे सकाळच्या शाळेची घंटा होते. घरी दीड वर्षाचे मूल आहे. त्याच्याजवळ कोणी बसावयाचे? उत्तर बहुधा एकच असते : नऊ-दहा वर्षांची बहीण. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते आणि गुरुजी म्हणतात, या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही.

गोडीचा येथे काही संबंध नाही. प्रश्न आहे तो धाकट्या मुलाचा, आणि तो महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर भावंडे आहेत आणि त्यांच्यापुढे गुरे आहेत, हे या दोघींनी पाहिले. यावर उपदेश करीत न बसता गुराख्यांसाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली, आणि भावंडांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी केली. ताई वर्गात, धाकटे शेजारच्या खोलीत. कल्पना इतकी साधी की ती आधी कोणाला सुचली कशी नाही, याचेच नवल वाटते.

अंगणवाडी हा शब्द आज गावोगाव फलकावर दिसतो, त्यामागील कल्पनाही बोर्डीचीच. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 ठिकाणी सुरू झाली आणि ती पुढे सर्वत्र पसरली. पण एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अंगणवाडीत बसते ते तीन ते सहा वर्षांचे मूल. त्याहून लहान मुलाला आहार मिळतो, लस मिळते, त्याचे वजन होते. परंतु दिवसभर सांभाळ होत नाही. बहिणीला अडवून ठेवतो तो नेमका हा लहानगा. केंद्र शासनाच्या अलीकडच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची सोय आहे. तेव्हा शाळेच्या आवारात बालघर चालविणे ही आता केवळ ध्येयवाद्यांची गोष्ट राहिलेली नाही. ते चालवावयाचे तर त्याला संचालिका हवी, आणि तिने करावयाचे काय, हा आजचा विषय.

पुष्कळांची समजूत अशी की संचालिका म्हणजे मुलांना गाणी शिकविणारी थोरली बाई. गाणी सेविका शिकवील. संचालिकेचे पहिले काम आहे वेळ ठरविण्याचे. शाळा घड्याळावर चालते, गाव हंगामावर. मार्च-एप्रिलात मोह, मे महिन्यात तेंदूपाने, पावसाळ्यात धानाची रोवणी. हिवाळा सरता सरता कित्येक कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. तेंदूचा हंगाम ऐन भरात असतो तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुटी लागलेली असते. आई पहाटे पाने तोडावयास जाणार, दुपारी पुडे बांधणार, आणि त्याच पंधरवड्यात बालघराला कुलूप! वर्षात एकदाच दार उघडे ठेवणे शक्य असेल तर ते त्या पंधरवड्यात ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल रानात बरोबर नेणे हा काही पर्याय नव्हे. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. ज्या रानात मोठी माणसे सुरक्षित नाहीत तेथे झाडाखाली निजविलेल्या मुलाचे काय?

दुसरे काम माणसे निवडण्याचे. भामरागडकडील मूल घरी माडिया ऐकते. ती द्राविडी कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. रडणाऱ्या मुलाला मराठीत समजावणारी बाई कितीही प्रेमळ असली तरी त्याच्या दृष्टीने ती केवळ आवाज करीत असते. म्हणून सेविका गावातलीच हवी, मग तिचे शिक्षण थोडे कमी का असेना. यावर आक्षेप येतो की अशा बाईला नाजूक काम जमेल काय? गडचिरोलीनेच त्याचे उत्तर दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातील स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यांचे संशोधन 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मात्र त्या स्त्रियांना नीट शिकविले गेले होते आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख होती. शिकविणे आणि देखरेख, हेच संचालिकेचे काम. देखरेख म्हणजे वहीवर सही नव्हे. सेविकेशेजारी दोन तास बसून ती मुलाला कसे भरविते, कसे निजविते, हे पाहणे म्हणजे देखरेख.

या भागात हिवताप फार. अंग तापलेल्या मुलाला घरी पाठवून मोकळे होऊ नये; आशाताईला बोलावून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

उरली मुख्याध्यापकांची गोष्ट. बालघर म्हणजे आपल्या आवारातील अडगळ, असे त्यांस वाटण्याचा संभव असतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 11 व्या कलमात तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पूर्वशिक्षणाचा उल्लेख आहे, पण शासन तशी व्यवस्था ‘करू शकेल’ अशा सैल भाषेत. सैल कलमाच्या बळावर कोणाशी भांडता येत नाही. संचालिकेने भांडण्यापेक्षा हजेरीपट मागून घ्यावा. बालघराच्या वहीत एक रकाना वाढवावा : आज मूल कोणी आणून सोडले? आई, आजी, की बहीण? बहिणीचे नाव असेल तर ती पुढे वर्गात गेली काय, हे दुपारी शाळेच्या हजेरीपटाशी ताडून पाहावे. आणि ज्या मुलीचे नाव दोन्हीकडे नाही, तिच्या घरी संध्याकाळी, आई रानातून परतल्यावर, जाऊन यावे.