सील खडकावर का येऊन पडतो?

सील हा मासा नव्हे, हे आधी सांगितलेले बरे. तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, आणि पाण्यातच राहून त्याचे भागत नाही. आपल्या देशाच्या किनाऱ्याला सीलची वस्ती नाही, म्हणून आपल्या मुलांना तो चित्रातच ठाऊक. त्याच्या अनेक जाती आहेत. श्रोतेहो, आज आपण हार्बर सील, म्हणजे बंदरातला सील, याची गोष्ट पाहू.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस पॉइंट रेयेस नावाचे भूशिर आहे. किनारा मोठा खडकाळ. वर कडे, खाली फेसाळ लाटा, पाणी बारमाही गार. कॅलिफोर्नियाच्या मुख्य किनाऱ्यावरच्या हार्बर सीलांपैकी सुमारे पाचवा हिस्सा इथं वीण करतो. आता एवढ्या किनाऱ्यात हा प्राणी निजायला नेमकी कोणती जागा धरतो? ओहोटीला उघडा पडणारा, सखल, उतरता खडक. नाहीतर खाडीतला वाळूचा दांडा. लगत खोल पाणी हवे आणि जमिनीकडून कोणी सहज येता कामा नये.

याचे कारण त्याच्या पायांत आहे. त्याचे मागचे पाय पुढे वळत नाहीत. त्याचा भाऊबंद सी-लायन चार पायांवर चालतो, खडक चढतो. हा बिचारा सुरवंटासारखा पोट घासत सरकतो. जमिनीवर त्याला पळता येत नाही. तेव्हा एका गडगडीत पाण्यात जाता येईल, अशीच जागा त्याला हवी. भरती चढू लागली तरी काही जण खडक सोडत नाहीत. डोके आणि शेपटीकडचा भाग वर उचलून, केळ्यासारखे वाकून पडून राहतात. पाहणाऱ्याला हसू येते, पण त्यामुळे तेवढे अंग कोरडे राहते.

बरे, बाहेर यायचेच कशाला? झोप तो पाण्यातही घेतो, नाक वर काढून उभ्याउभ्या. पण गार पाण्यात अंगाची ऊब भराभर जाते. ती राखण्यासाठी कातडीकडचा रक्तपुरवठा आखडतो. उन्हात अंग सुकले की कातडीत पुन्हा रक्त खेळते. उन्हाळ्यात जुने केस झडून नवे येतात, तेव्हा तर त्याला हा विसावा अधिकच लागतो.

पॉइंट रेयेसला मार्च ते जून हा विणीचा काळ. मादीला एकच पिलू होते, आणि जन्मल्यावर थोड्याच वेळात ते पोहू लागते. दूध मिळते जेमतेम चार ते सहा आठवडे. पण त्या दुधाचा जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांश असतो, त्यामुळे पिलू झपाट्याने भरते. खरा धोका इथंच आहे. माणूस किंवा होडी जवळ आली की एक सील पाण्यात उडी घेतो, त्यामागून सारा कळप. त्या गडबडीत मायलेकरांची चुकामूक झाली तर दुधावाचून पिलू मरते. म्हणून तिथल्या ड्रेक्स एस्टेरो या खाडीत १ मार्च ते ३० जून होड्यांना मज्जाव असतो.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. वाळूवर एकटे पडलेले पिलू पोरके असतेच असे नाही. आई मासे मारायला गेलेली असते. दयाळू माणूस ते उचलून नेतो आणि आईपासून कायमचे तोडतो! दुरून पाहावे, जाणकारांना कळवावे, हात लावू नये.

विसाव्या शतकाच्या आरंभी शिकारीपायी कॅलिफोर्नियात हे सील काही शेच उरले होते. १९७२ साली सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि त्यांची संख्या सावरली. मग निराळाच पेच पडला. सॅन डिएगोजवळ ला होया येथे १९३१ साली मुलांना बिनधोक पोहता यावे म्हणून समुद्रात भिंत घातली होती. भिंतीआड वाळू साचली, लाटा थोपल्या. सीलांना याहून काय हवे? १९९० नंतर ते तिथं येऊन पडू लागले, पिले घालू लागले. जागा मुलांची की सीलांची, यावर गावात तट पडले, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर २०१४ साली ठरले, की १५ डिसेंबर ते १५ मे ती पुळण माणसांना बंद. दक्षिणेकडे वीण लवकर होते, म्हणून तारखा वेगळ्या. उरलेल्या महिन्यांत माणसांना तिथं जाता येते. सील मात्र तेव्हाही येतातच.